गाडीत पावसाचं पाणी : तीन ठिकाणी पैसे घातले, चौथ्या ठिकाणी भोक सापडलं

आधीच सांगते, लांबलचक होणारे कारण राग बराच साठलाय. ज्यांना नुसता निकाल पाहिजे त्यांच्यासाठी : कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर, पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज, पाटीबिटी काही नाही, ५ पैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईल.

गाडी आमच्या पप्पांची, २००८ ची अल्टो एलएक्स. काचा हातानं फिरवायच्या होत्या, मग पप्पांनीच २०११ का १२ ला बाहेरनं पॉवर विंडो बसवून घेतल्या आणि त्याच माणसाकडनं पुढच्या दोन्ही दारांत स्पीकर पण. हे लक्षात ठेवा, पुढं लागणारे. आता गाडी मी चालवते. नोकरी कळ्याला, म्हणजे गगनबावडा रोड, आणि त्या रोडवर जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते तिकडं जाणाऱ्यांना सांगायला नको.

तर प्रकार असा की दोन पावसाळे झाले, क्लीनर साइडला, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या डाव्या सीटच्या पायाखाली ओल यायची. पहिल्यांदा वाटलं कुणाचे तरी ओले पाय असतील. मग एक दिवस रबरी मॅट उचललं तर खालचं कार्पेट दाबल्यावर पाणी वर आलं, चक्क स्पंज. सकाळी गाडीत बसलं की आतनं सगळ्या काचा धुरकट, पुसल्या तरी पाच मिनिटांत परत तेच, आणि वास म्हणजे ओलं गोणपाट चार दिवस बंद खोलीत ठेवल्यासारखा. माझ्याबरोबर येणाऱ्या मॅडम दोन्ही पाय सीटवर घेऊन बसायच्या, वर म्हणायच्या की बोटीतनं चाललोय असं वाटतंय.

पहिला उपाय, वॉशिंग सेंटर. तिथला पोरगा म्हणाला एसीचा पाइप चोक झालाय. आणि खरंच झाला होता. एसीच्या कॉइलवर जे पाणी जमतं ते एका छोट्या नळीनं गाडीखाली टपकत असतं, ती नळी धुळीनं बंद झाली की तेच पाणी आत क्लीनरच्या पायाशी सांडतं. त्यानं हवा मारली, गाडीखाली भसकन पाणी पडलं, २०० रुपये घेतले. त्याला मी नावं ठेवणार नाही, त्यानं सांगितलं ते खरं होतं, फक्त तेवढंच खरं नव्हतं. एसीचं पाणी एसी चालू असतानाच येणार, मग ऐन मे महिन्यात सुद्धा येणार. माझ्याकडं जुलैमध्ये एसी बंद ठेवून पण तळं होतंच की.

दुसरा उपाय मोठ्या वर्कशॉपमध्ये. नाव लिहीत नाही. काचेची केबिन, हातात टॅब, कॉफी पण दिली. गाडीकडं बघून दोन मिनिटांत निदान, पुढच्या काचेचं सीलिंग गेलंय. कार्पेट उचललं नाही, पाणी मारून बघितलं नाही, काही नाही. संध्याकाळी गाडी मिळाली तर काचेच्या चारी बाजूंनी सिलिकॉनची जाड वळकटी, वाढदिवसाच्या केकवर क्रीम लावतात तशी, आणि आंबट व्हिनेगरसारखा वास. ३,५०० रुपये. तीन दिवस गाडी कोरडी राहिली आणि मी खूश, नंतर कळलं की तीन दिवस पाऊसच नव्हता.

तिसऱ्याचं तर विचारूच नका. तो म्हणाला खालनं चाकाचं पाणी उडून आत येतंय, अंडरबॉडी कोटिंग करा. केलं. ४,०००. खालनं गाडी डांबरासारखी काळी कुळकुळीत. त्यानंतर नवीनच गंमत, ब्रेक मारला की दाराखालच्या पोकळ पट्टीतनं डबक डबक आवाज, कळशीतलं पाणी हलावं तसा. म्हणजे आता आत येणारं पाणी बाहेर पण जाईना.

७,७०० रुपये गेले आणि मी घरचे रद्दीचे पेपर अंथरून गाडी चालवत होते.

बँकेतल्या आमच्या शिपाईमामांनी हा उद्यमनगरचा पत्ता दिला. म्हणाले, माणूस तिरसट आहे पण पाण्याच्या बाबतीत कुत्र्यासारखं नाक आहे. गेले. शेडमध्ये चार गाड्या उघड्यानागड्या, सीटा बाहेर, एक रेडिओ, आणि साठीचे मिस्त्रीमामा चहा बशीत ओतून पीत बसलेले. मी लगेच सुरू केलं की पुढच्या काचेतनं येतंय, नाहीतर खालनं येतंय. त्यांनी बशी खाली ठेवली, म्हणाले, “ताई, पाणी जिथं दिसतंय तिथनंच आलंय असं नसतंय. दिसतंय कुठं ते कोणबी सांगंल. शिरतंय कुठनं ते बघूया की.”

मग प्रश्न. गाडी उभी असताना येतंय का पळताना? एसी लावल्यावर येतंय का? पाणी चिकट आहे का, हिरवट आहे का, गोडसर वास आहे का? (तसं असलं तर ते पावसाचं नव्हेच, हीटरच्या कॉइलमधनं कूलंट गळतंय आणि ते वेगळं दुखणं.) रात्री गाडी कुठं लावता, सपाटीला का उताराला, उतार कुणीकडं? झाड आहे का वर? काच कधी बदलली का? स्पीकर कुणी बसवले? गाडी कधी ठोकली का, डेंटिंग झालंय का? हे सगळं विचारायला त्यांना दहा मिनिटं लागली. आधीच्या तिघांपैकी एकानं सुद्धा यातला एक प्रश्न विचारला नव्हता हो. डॉक्टरकडं गेल्यासारखं वाटलं, आणि चांगल्या डॉक्टरकडं.

आमच्या घरापुढं गुलमोहर आहे आणि अंगण डावीकडं उतरतं. हे ऐकल्यावर मामा नुसतं “हां” म्हणाले.

त्यांनी सांगितलं गाडी दोन दिवस लागेल, आज नुसतं उघडून बघू, थांबायचं तर थांबा. सुट्टी होती, थांबले, आणि बरं झालं थांबले. पुढची सीट काढली, दाराखालच्या पट्ट्या काढल्या, कार्पेट उचललं. कार्पेटच्या खाली फेल्टसारखं जाड अस्तर असतं हे मला माहीतच नव्हतं. वरचं कार्पेट हाताला बरं लागत होतं आणि खालचं अस्तर पिळल्यावर अर्धी बादली पाणी. मामांचं म्हणणं, लोक वरनं ड्रायर मारतात, उन्हात दारं उघडी ठेवतात आणि वाळलं म्हणतात, अस्तर तसंच ओलं राहतं, मग वास जात नाही आणि पत्रा आतनं सडायला लागतो. आमच्या पत्र्यावर दोन ठिकाणी गंज धरला होता पण भोक नव्हतं. थोडक्यात वाचलो.

मग पत्रा फडक्यानं कोरडा केला आणि खिशातनं काढल्यासारखी एक पावडरची डबी काढली. तोंडाला लावायची टाल्कम पावडर. सगळ्या पत्र्यावर, दाराच्या खालच्या कडेला, डॅशबोर्डच्या खाली भुरभुरली. म्हणाले पाण्याचा एक थेंब जरी आला तरी पावडरीत ओघळ दिसतोय, आणि ओघळ धरून वर चढत जायचं. मग पोराला बाहेर पाइप घेऊन उभा केला आणि स्वतः आत बॅटरी घेऊन आडवे झाले. मला पण मागच्या सीटवर बसवलं, डोळे तरण्या माणसाचे पाहिजेत म्हणून.

आता यातली खरी हुशारी बघा. पाइपला पुढं नोझल नाही, अंगठा लावून फवारा मारायचा नाही, पाऊस पडतो तसं नुसतं वाहतं पाणी. प्रेशरच्या गनचं पाणी जिथं पाऊस कधी शिरणार नाही तिथं पण शिरतं आणि मग नसलेला लीक दिसतो. आणि सुरुवात खालनं. आधी दाराच्या खाली दहा मिनिटं, मग दाराच्या काचेवर, मग वायपरच्या जाळीत, मग पुढची काच, टप सगळ्यात शेवटी. वरनं सुरुवात केली तर पाणी सगळीकडंच ओघळतं मग कुठनं शिरलं हे ब्रह्मदेवाला पण कळणार नाही. आणि एका जागी दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. पोरगं मध्येच पाइप वर करायला लागलं तर आतनं शिवी आली.

क्लीनर साइडच्या काचेवर पाणी सुरू केलं. सहाव्या-सातव्या मिनिटाला दाराच्या पॅडच्या खालनं एक थेंब, मग दुसरा, आणि पावडरीत बारीक ओघळ सरळ कार्पेटच्या जागेकडं. मी अक्षरशः ओरडले. मामा शांत. दाराचं पॅड काढलं आणि आत जे होतं ते बघून हसावं का रडावं कळेना. कारखान्यातनं येताना दाराच्या आत एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, तो आमच्या दारात मधोमध फाडलेला, स्पीकरसाठी गोल कापलेला, आणि खाली खोक्याला लावतात त्या खाकी टेपनं कसाबसा चिकटवलेला, टेप कधीच सुटलेली. पॉवर विंडोवाल्याची कृपा.

मला वाटायचं दाराच्या आत पाणी जातच नसतं. जातं. प्रत्येक गाडीत जातं. काच जिथं दारात उतरते तिथलं रबर काही नळाचा वॉशर नव्हे, पाऊस आला की थोडं पाणी काचेबरोबर आत उतरणारच, म्हणून तर दाराच्या खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात, त्यातनं ते गळून जातं. तो प्लास्टिकचा पडदा पाण्याला दाराच्या आतच ठेवतो. पडदा फाटला की पाणी पॅडच्या मागनं आतल्या बाजूला उतरतं आणि दाराच्या पट्टीवरनं गाडीत. आणि आमची खालची भोकं चिखलानं अर्धी बुजलेली, दाराखालच्या पट्टीची तर कोटिंगवाल्यानं काळ्या रंगानं पूर्ण लिंपून टाकलेली, तोच तो डबक डबक आवाज. मामांनी स्क्रूड्रायव्हर घातला, गढूळ पाण्याची धार लागली ती मिनिटभर थांबेना.

स्पीकर दोन्ही दारांत मग ओल एकाच बाजूला का, हे मी विचारलं. उत्तर मिळालं की अंगणाचा उतार कुणीकडं म्हणालात? ड्रायव्हर साइडचा पडदा पण तसाच फाटलेला निघाला, पाणी येतच होतं, पण रात्रभर गाडी डावीकडं कललेली म्हणून सगळं तिकडं जाऊन बसायचं. दोन वर्षं डोक्यात न आलेली गोष्ट.

मला वाटलं झालं, सापडलं. मामा म्हणाले एक सापडलं म्हणून थांबायचं नसतंय. वायपरखालची जाळी काढली. आत गुलमोहराची बारीक पानं कुजून खत झालेली, दोन ओंजळी सहज, आणि त्यात चार पानं फुटलेलं रोप! पोरानं ते रोप मला कुंडीत लावायला काढून दिलं (लावलं नाही). या जाळीखाली पन्हाळीसारखी जागा असते, तिथलं पाणी दोन्ही बाजूंनी खाली चाकाच्या मागं उतरून जातं. पानांनी तोंड बंद झालं की पन्हळ भरते आणि मुसळधार पावसात पाणी ब्लोअरच्या तोंडातनं आत येतं, परत क्लीनरच्याच पायाशी. म्हणून थोड्या पावसात थोडी ओल आणि मोठ्या पावसात तळं. दोन वेगळी भोकं आणि पाणी एकाच जागी, म्हणून कुणाला हिशेब लागत नव्हता. अर्थात कुणी हिशेब मांडायलाच बसलं नव्हतं ती गोष्ट वेगळी.

पुढच्या काचेवर वीस मिनिटं पाणी मारलं. एक थेंब नाही. ३,५०० रुपयांचं सिलिकॉन ज्या काचेला लावलं ती मुळात गळतच नव्हती. आणि ते सिलिकॉन नखानं उचकटून दाखवलं तर वरच्या कोपऱ्यात रंगाखाली गंजाचा लाल ठिपका. मामांचं म्हणणं, ज्या सिलिकॉनला आंबट वास येतो ते बाथरूमच्या टाइल्सला लावायचं, पत्र्याला नाही, कारण ते सुकताना त्यातनं ॲसिड सुटतं. गाडीच्या काचेला पॉलियुरेथेनचं सीलंट वेगळं मिळतं. घरी येऊन मी वाचलं, बरोबर आहे, तो व्हिनेगरचाच वास असतो. ज्यांनी ज्यांनी हार्डवेअरच्या दुकानातली ट्यूब आणून गाडीला मारलीय त्यांनी एकदा वास आठवून बघा.

डिकीचं मी बोललेच नव्हते कारण मला माहीत नव्हतं. स्टेपनी उचलली तर खालच्या खड्ड्यात दोन तांबे पाणी आणि रिमला गंज. इथं त्यांनी वेगळीच युक्ती केली. काचा सगळ्या बंद, ब्लोअर बाहेरची हवा ओढणाऱ्या सेटिंगला फुल्ल, म्हणजे गाडीत हवा कोंडून बाहेर पडायला बघते, आणि बाहेरनं मागच्या लाइटच्या कडेनं, डिकीच्या रबराच्या कडेनं साबणाचं पाणी ब्रशनं लावलं. डाव्या लाइटच्या वरच्या कोपऱ्यात फस फस बुडबुडे. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसंच. लाइटमागचं फोमचं गॅस्केट वाळून चुरा झालं होतं.

मध्येच एक गोष्ट, पाण्याच्या विषयाला धरूनच आहे. ही सगळी विद्या कुठनं आली विचारलं तर म्हणाले २०१९. त्या ऑगस्टच्या पुरात आणि मग २०२१ च्या जुलैत त्यांच्याकडं गाड्यांची रांग होती, महिनोन्‌महिने कार्पेट आणि वायरिंग धूत बसले होते. आणि पुरातली गाडी नंतर चकाचक करून दुसऱ्या गावाला विकतात, ती ओळखायची खूण त्यांनी सांगितली ती जशीच्या तशी देते : सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. सगळं धुतात, बेल्टचा गुंडाळलेला शेवटचा भाग कुणी धुवत नाही, तिथं गाळाची रेघ राहते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढं फुकटात करता येतंय.

काम काय काय झालं : दोन्ही दारांत नवीन जाड प्लास्टिकचा पडदा, काळ्या चिकट ब्युटाइल पट्टीनं चारी बाजूंनी दाबून बसवला आणि खालची कड दाराच्या आत वळवली, म्हणजे पाणी दारातच पडेल. स्पीकरच्या मागं छोटी टोपी. सगळी भोकं मोकळी. पन्हळ साफ. दोन्ही मागच्या लाइटना नवीन गॅस्केट. सिलिकॉन खरवडून त्या कोपऱ्यावर आणि आतल्या पत्र्यावर गंज घासून रेड ऑक्साइड, मग रंग. कार्पेट आणि अस्तर धुऊन वाळवलं.

बिल २,९०० रुपये, तेही कॅलेंडरच्या पानामागं पेननं लिहिलेलं. शोधायचे ८००, दारांचे ६००, लाइटचे ३००, कार्पेट वाळवायचे ७००, गंज-रंग ५००. मला त्यातले ८०० सगळ्यात जास्त पटले. मधले दोघे मला माल विकत होते, ट्यूब विक, कोटिंग विक. या माणसानं बघण्याचे पैसे लावले आणि खरंच बघितलं.

आता अर्धा स्टार. दोन दिवस म्हणाले आणि पाच दिवस लागले. पावसाळ्यात अस्तर वाळत नाही हे मान्य, हॅलोजन लावून ठेवला होता हे मी डोळ्यानं बघितलं, पण मग आधीच पाच सांगा की, मी रोज एसटीनं लोंबकळत गेले. फोन उचलत नाहीत, अजिबात नाहीत. जीएसटीचं बिल मागितलं तर माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांची किडनी मागितली. बसायला एक उलटी बादली. आणि क्लीनर साइडच्या दाराच्या पॅडची एक क्लिप कमी बसवलीय, खराब रस्त्यावर खडखड वाजतं.

कुणाला उपयोगी नाही हे पण सांगते. नवीन गाडी असेल, वॉरंटीत असेल तर तिथं जाऊ नका, कंपनीकडंच जा. सनरूफवाली गाडी त्यांनी माझ्यासमोर परत पाठवली, त्याच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्या साफ करायच्या असतात आणि ते माझं काम नव्हे असं सरळ सांगितलं. हेही मला आवडलं.

गाडी गॅरेजमधनं आणून आता पाच आठवडे झाले. मधे दोनदा गगनबावड्याला जाऊन आले, एकदा तर वायपर फुल्ल स्पीडला असून रस्ता दिसत नव्हता, घरी येऊन कार्पेटखाली बोट घातलं, कोरडं. काचा धुरकट होणं बंद, वास नव्वद टक्के गेला. मॅडम पाय खाली ठेवतात. डिकीत मात्र परवा चमचाभर पाणी दिसलं, उजव्या बाजूला. मामांनी तेव्हाच सांगितलं होतं की डिकीचं रबर सोळा-सतरा वर्षांचं झालंय, आज ना उद्या सोडेल, आत्ता बदलू नका, सोडलं की या. तर जायचंच आहे, क्लिप पण घ्यायची आहे. सोमवारी बंद असतं, सकाळी दहाच्या आत गेलात तर मामा निवांत भेटतात, आणि जाताना घरातली रद्दी घेऊन जा, तिथं ती पत्र्यावर अंथरायला कायम कमी पडते. मी शनिवारी चाललेय. आधी विचारावं म्हणून कालपासनं फोन लावतेय, अजून उचललेला नाही.